गोठ्याला गुण

नाताळ जवळ आला की 'कमी खर्चात घराची सजावट' या विषयावरील सूचनांचा एक मोसमच आपल्याकडे सुरू होतो. महिला मंडळाच्या सभेत त्याचे प्रात्यक्षिक होते, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत सचित्र लेख येतात आणि अलीकडे तर मोबाइलच्या पडद्यावर अशा सूचनांचा अखंड पाऊस पडत असतो. रिकाम्या बाटल्यांना सोनेरी रंग द्या, पुठ्ठ्याला चमकी चिकटवा, कापूस पसरला की बर्फ तयार! सूचना देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु या सर्व सूचनांच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, श्रीमंताच्या दिवाणखान्यात साजरा होतो तोच खरा नाताळ, आणि ज्याचा हात आखडता आहे त्याने त्याची स्वस्तातली नक्कल करावी. माझा आक्षेप काटकसरीला नाही, या गृहीताला आहे.

ज्या घटनेचा हा सण, ती घटना कोणत्या घरात घडली हे आपण दरवर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेत ऐकतो. जागा मिळाली नाही म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवावे लागले, असे लूक सांगतो. पण त्याच अध्यायात थोडे पुढे एक वाक्य आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. बाळाला मंदिरात नेले तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी पारव्यांचा जोडा अथवा कबुतराची दोन पिल्ले, एवढेच अर्पण केल्याचा तेथे उल्लेख आहे. लेवीयाच्या पुस्तकातील बाराव्या अध्यायात या विधीचा नियम दिलेला आहे. अर्पण कोकराचे करावयाचे. कोकरू देण्याची ऐपत नसेल तर दोन पक्षी चालतील. म्हणजे पवित्र कुटुंबाने शास्त्राने दिलेली गरिबांची सवलत घेतली होती, आणि ती मंदिरात, सर्वांसमक्ष घेतली. तिची त्यांना लाज वाटली असे शुभवर्तमानात कोठे दिसत नाही. आपल्या धर्मग्रामांतील किती आया आज अशी सवलत चारचौघांत मागू शकतील?

गोठ्याची परंपराही याच दिशेने बोट दाखवते. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावी गोठा मांडला. त्यांचे चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी त्याचे वर्णन करून ठेवले आहे. सणापूर्वी सुमारे पंधरा दिवस फ्रान्सिसने गावातील जोव्हान्नी नावाच्या आपल्या स्नेह्याला निरोप धाडला. मागितले काय? गव्हाण, तीत घालायला वाळलेले गवत, एक बैल आणि एक गाढव. पुतळे नव्हते, रोषणाई म्हणजे गावकऱ्यांनी हाती आणलेल्या मेणबत्त्या आणि मशाली. आणि हे सारे कशासाठी, तर तान्ह्या बाळाला कोणकोणत्या गोष्टींची वाण पडली होती ते आपल्या डोळ्यांनी पाहता यावे म्हणून! गोठा हा मुळात उणिवेचा देखावा आहे. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चो येथेच गोठ्याविषयीच्या आपल्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली, तेव्हा त्यांनीही गोठ्यातील दारिद्र्याकडेच श्रद्धावंतांचे लक्ष वेधले. उणीव दाखवण्यासाठी निघालेल्या या प्रथेचा आपण वैभव दाखवण्यासाठी उपयोग करतो आहोत आणि वर गरिबाला स्वस्तातले वैभव कसे उभारावे याचे धडे देतो आहोत.

आमच्या वसईत एके काळी नाताळच्या सजावटीला 'बजेट' नव्हते, कारण तिला बाजारच नव्हता. घरापुढचा तारा घरीच होत असे. बांबूच्या दहा सारख्या लांबीच्या कामट्या तासून घ्यायच्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या. त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची. मग मध्यभागी जेथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी बोटभर लांबीच्या काड्या दोन्ही चांदण्यांच्या मध्ये आडव्या खुपसायच्या, की सपाट चांदणी फुगून उभी राहते. पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. एक पाकळी दिव्यासाठी उघडी ठेवायची. काड्या खुपसण्याचे काम नाजूक. जोर जास्त झाला तर कामटी मोडते आणि कमी झाला तर तारा एका अंगाला झुकतो. बहुतेक तारे झुकलेलेच असत. कोणाचा तारा किती वाकडा यावरून आळीत थट्टा चाले, पण कोणाचा किती महाग असा प्रश्न कोणाच्या मनात येण्याला वावच नव्हता.

गोठ्याचेही तेच. भाताचा पेंढा अंगणात रचलेला असे. गोणपाट पाण्यात कालवलेल्या मातीत बुडवून डोंगराच्या आकारात वाळवले की त्याला चढउतार येत. नाचणी किंवा भात रात्रभर भिजवून मातीच्या पसरट भांड्यात पेरायचे. दहा-बारा दिवसांत बोटभर हिरवळ उभी राहते. ही केवळ आपलीच रीत नव्हे. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात संत बार्बराच्या दिवशी, म्हणजे ४ डिसेंबरला, बशांमध्ये गहू पेरतात. हंगेरी-क्रोएशियात तो संत लुसियाच्या दिवशी, १३ डिसेंबरला पेरतात. आगमनकाळ म्हणजे काय हे लहान मुलाला समजावून सांगायचे असेल तर रोज सकाळी त्या भांड्यावर पाणी शिंपडायला त्याला सांगावे. कितीही पैसे दिले तरी ते धान्य चार दिवसांत उगवणार नाही.

आज काय दिसते? प्लास्टिकचे सूचिपर्णी झाड, प्लास्टिकच्या माळा, प्लास्टिकची फुले. ज्या वसईच्या वाड्यांतून मोगरा, सोनचाफा, जास्वंद पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जात आला, त्याच वसईतील घरे नाताळला कारखान्यातली फुले विकत आणून टांगतात! झाडावर माझा राग नाही. ही जर्मन प्रथा १८४८ साली इंग्लंडच्या राजघराण्याचे चित्र एका साप्ताहिकात छापून आल्यावर इंग्रजी घरांत पसरली आणि तेथून आपल्याकडे आली. १९८२ पासून रोमच्या संत पेत्राच्या चौकातही ती पाळली जाते. आपले वाडवडील सुरूची एखादी फांदी मातीच्या कुंडीत रोवून ती हौस भागवीत. (किनाऱ्यावरचे सुरू मात्र आज तोडू नयेत, त्यांनी वाळू धरून ठेवली आहे.) माझा राग आहे तो कापसाच्या बर्फावर. लूकच्या शुभवर्तमानात बर्फ नाही, पालघर जिल्ह्यात बर्फ नाही. तो आला युरोपातील शुभेच्छापत्रांवरून. ज्या मुलाने आयुष्यात कधी बर्फ पाहिला नाही, त्याच्या मनात आपण असे रुजवतो की, प्रभू जन्मला तो आपल्यासारख्या मुलखात नव्हे, भलत्याच कोठल्यातरी थंड आणि श्रीमंत देशात.

हे सर्व खरेदी करणाऱ्यांत ऐपतवालेच असते तर मी लेखणी उचलली नसती. परंतु डिसेंबरात कोण काय खरेदी करतो ते दुकानांत उभे राहून पाहावे. नालासोपाऱ्याच्या वा मिरा रोडच्या एका खोलीत भाड्याने राहणारी, महिनाअखेरीस किराणा उधारीवर आणणारी कुटुंबे दिव्यांच्या माळांची तिसरी पेटी उचलतात, कारण शेजारच्या दाराला तीन आहेत. त्या माळा पुढच्या डिसेंबरपर्यंत टिकत नाहीत. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू दरवर्षी घ्यावी लागते आणि स्वस्ताईचा हा हप्ता संपतच नाही. १९१८ साली वसईत जी कॅथॉलिक पतपेढी निघाली आणि जी आज बँक म्हणून उभी आहे, ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या आण्या-आण्याच्या बचतीवर उभी राहिली. त्या माणसांनी तारे कामट्यांचे केले ते कलेच्या हौसेने नव्हे, हिशेबाने.

हे सारे लोक आपण होऊन करतात, त्यांना कोण सांगते, असे कोणी म्हणेल. सांगतो आपण. धर्मग्राम सांगतो. येथे मी ज्या प्रथेकडे येतो आहे, तिच्यावर बोलणे अनेकांना रुचणार नाही, कारण ती उत्साही तरुणांनी आणि सज्जन धर्मगुरूंनी चांगल्या हेतूने चालवली आहे. ती म्हणजे गोठ्यांची आणि ताऱ्यांची स्पर्धा.

नाताळच्या आठवड्यात परीक्षकांचे पथक घरोघर फिरते. त्यांच्या हाती कागद असतो. त्यावर कल्पकता, मांडणी, प्रकाशयोजना, भव्यता, संदेश अशी सदरे आणि त्यापुढे गुण. आता प्रकाशयोजनेचे गुण कोणाला मिळणार? भव्यतेचे गुण दहा बाय दहाच्या खोलीला कसे मिळणार? पहिल्या वर्षी एखाद्याने गोठ्यात पाण्याचा झरा केला. दुसऱ्या वर्षी चार घरांनी छोटे पंप आणले. तिसऱ्या वर्षी फिरणारी चक्की, धूर, ध्वनिमुद्रित मेंढरांचे बेंबावणे. काही ठिकाणी तर मंडपवाल्याला कंत्राट दिले जाते आणि घरच्या माणसांना आपल्याच गोठ्यात काय आहे हे परीक्षकांबरोबर प्रथम कळते. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, तेव्हा मनात आले की, आता तरी हात आवरेल. पण सामान बदलले आणि खर्च मात्र वाढला.

माझ्या पाहण्यातील एका घराची गोष्ट सांगतो. घरातील कर्त्याची कंपनी बंद पडली होती. सातवीतल्या मुलीने आंब्याची रिकामी पेटी आडवी ठेवून तीत गोठा केला. मूर्ती नव्हत्या, म्हणून तिने चिखलाच्या केल्या. योसेफाच्या खांद्यावर पंचा होता, आणि मरिया बसली होती ती बाळंतीण जशी भिंतीला पाठ टेकून बसते तशी. एवढा खरा गोठा मी क्वचितच पाहिला आहे. स्पर्धेसाठी नावे लिहून घेणाऱ्या शिक्षिका दारात आल्या, तेव्हा त्या मुलीची आई म्हणाली, "आमचं काय बघायचं, बाई? मोठ्यांची बघा." नाव लिहिले गेले नाही. पथक आळीतून गेले तेव्हा त्या घराचे दार लोटलेले होते.

बेथलेहेमात दारे लोटली गेली ती मरिया-योसेफावर. येथे दार लोटून बसावे लागले ते एका गरीब घरालाच, आणि तेही गोठ्याच्या नावाने! ज्या उपक्रमाचा हा परिणाम होतो त्याला आपण 'श्रद्धासंवर्धन' म्हणतो. मला तो शब्द तेथे उच्चारवत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते बायबलमधूनच दिले जाते. बेथानीत मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा तीनशे दिनारांचे तेल गरिबांसाठी विकले का नाही, असे यहूदाने विचारले. प्रभूने मात्र त्या बाईची बाजू घेतली. मग देवासाठी खर्च करणाऱ्याचा हात तुम्ही का धरता? प्रश्न रास्त आहे आणि त्याला पळवाट काढू नये. देवासाठी हात सैल सोडण्यात पाप नाही. पण योहानाने ते दृश्य कसे रंगवले आहे ते पाहा. ते तेल प्रभूच्या चरणांवर ओतले गेले, घराच्या दर्शनी भिंतीवर नाही. शेजारच्या मार्थेला तिने स्पर्धेत ओढले नाही. आपल्या दिव्यांच्या माळा कोठे लागतात? खिडकीला, गच्चीला, फाटकाला. आत बाळाच्या गव्हाणीवर कित्येकदा साधी मेणबत्तीही नसते. तेल बेथानीचे म्हणायचे आणि ते रस्त्याच्या बाजूने ओतायचे, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

दुसरी मंडळी याच्या अगदी उलट बोलतात. गरिबाने सजावट करूच नये, मनाचा गोठा सजवावा म्हणजे झाले! प्रवचनात हे वाक्य फार गोड वाटते. पण ते सांगणाऱ्याच्या घरी मनाबाहेरचा गोठाही बहुधा असतो. गरिबाच्या घरालाही सौंदर्याचा अधिकार आहे. पोटाला चिमटा काढून आई मुलीच्या केसांत गजरा माळते तेव्हा ती उधळपट्टी करीत नसते. आज जगभर आगमनकाळात चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे करतात, त्याचा आरंभ हॅम्बुर्गजवळ गरीब आणि अनाथ मुलांच्या एका आश्रमात झाला. योहान हिनरिख विखर्न या प्रॉटेस्टंट पाळकाने १८३९ साली नाताळला किती दिवस उरले हे मुलांना कळावे म्हणून गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या; रोजची छोटी, रविवारची मोठी. नक्कल कोणाचीच नव्हती. श्रीमंत चर्चनी पुढे त्याची नक्कल केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रोव्हान्समधील मातीच्या छोट्या मूर्तींची कथाही तशीच. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात देवळे बंद झाली, देवळातले गोठे गेले, आणि लोक घरात गोठा मांडू लागले. मार्सेयच्या झाँ-लुई लान्येल नावाच्या कारागिराने साच्यातून मातीच्या स्वस्त मूर्ती काढल्या. त्या मूर्तींत मेंढपाळ होतेच, पण हळूहळू गावचा पाववाला, कोळीण, धोबीण, चक्कीवाला हेही गव्हाणीकडे चालू लागले. आमच्या गोठ्यात डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण का नसावी? केळीचा घड घेऊन निघालेला वाडीवाला, दुधाच्या किटल्या सायकलला अडकवलेला गवळी, रिक्षावाला, विरारच्या गाडीला लोंबकळून आलेला कारकून? त्यांना लागते फक्त माती, आणि ती अजून तरी विकत घ्यावी लागत नाही. नारळाच्या झावळ्या, केळीचा खुंट, सुपारीच्या झावळीचा रुंद देठ, सुकलेली शेवंती. वाडी असलेल्या घराला बाजाराची पायरी चढण्याचे कारण नाही. ज्यांच्याजवळ अंगण नाही त्यांच्यासाठी खिडकीच्या कठड्यावर एक पेटी, एक दिवा, नाचणीचे एक भांडे पुरे आहे. भाड्याच्या खोलीत जन्मलेल्या मुलाला हा गोठा आपल्या घरासारखा दिसला, तर त्यात काय बिघडले?

आणि घाई कशाची? नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. बाळाची जागा २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी असावी. मागी लोक घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवावेत आणि रोज थोडे पुढे सरकवावेत. यात एक रुपयाही खर्च नाही, पण मुले दिवस मोजू लागतात. उलट आमच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर्व काही पेटते आणि २६ तारखेला रस्त्याच्या कडेला कचरा होऊन पडते. या बाबतीत आपल्या देवळांनी आधी स्वतःकडे पाहावे. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३०५ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, आगमनकाळात वेदीजवळची फुलांची सजावट त्या काळाला शोभेल अशी संयमाची असावी, जन्मोत्सवाचा पूर्ण आनंद तीतून आधीच व्यक्त होऊ नये. वेदीच नियम पाळत नसेल तर घरांना दोष कसा द्यावा?

स्पर्धा बंद कराव्यात असे माझे स्वच्छ मत आहे. ते मान्य होणार नाही याची मला कल्पना आहे. तरुणांना काहीतरी कार्यक्रम हवा असतो आणि देणगीदारांना ढाली द्यायच्या असतात. निदान पुढील डिसेंबरपूर्वी धर्मग्राम समित्यांनी एवढे तरी ठरवावे. परीक्षकांच्या कागदावरून भव्यता आणि प्रकाशयोजना ही सदरे काढून टाकावीत. विकत आणलेली वस्तू गोठ्यात असेल तर गुण वजा व्हावेत. कंत्राटदाराने उभारलेला गोठा पाहायला पथकाने जाऊच नये. ढालींचे पैसे विन्सेंट दि पॉल संस्थेच्या बंधूंकडे द्यावेत. कोणत्या घरी काय कमी आहे हे त्यांना माहीत असते आणि ते त्याचा बभ्रा करीत नाहीत. आणि आळीतील प्रत्येक घरी जावे, नाव नोंदवलेले असो वा नसो. गुण देण्यासाठी नाही. गव्हाणीपुढे एक प्रार्थना म्हणावी, घरच्या मुलाने मूर्ती कशा केल्या ते त्याला विचारावे, त्याने सांगितलेले पुरते ऐकून घ्यावे आणि मग पुढच्या दाराकडे वळावे.

राहता राहिला पेंढा. ग्रेच्चोचे गवत लोकांनी जपून ठेवले होते आणि पुढे ते आजारी जनावरांना खाऊ घातले, ती बरी झाली, असे चेलानो लिहितात. आपल्या गोठ्यातल्या पेंढ्यावर चमकी आणि रंगाचा फवारा मारलेला नसेल, तर जानेवारीत तो आळीतल्या कोणाच्याही म्हशीपुढे टाकता येईल.